वाचकांचे प्रश्न : विश्रांतीला जंगलात गेलो आणि दमून आलो

प्रश्न : दोन दिवसांची रजा काढून आम्ही एका अभयारण्यात गेलो. नऊ-दहा ठिकाणं पाहिली, फोटो काढले. घरी आलो तेव्हा अंगात त्राण नव्हतं, डोकंही जडच होतं. चुकलं कुठे?

उत्तर : त्या नऊ-दहा ठिकाणांतच. ‘पुढचं किती लांब, बंद कधी होतं’ हा हिशेब डोक्यात चालू राहिला की कामावर जे लक्ष दिवसभर ताणलं जातं, तेच जंगलातही ताणलं जातं. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये हे नीट मांडलं : जोर लावून दिलेलं लक्ष थकतं. पानांची हालचाल, पाण्यावरचा उजेड, सरकणारे ढग यांच्याकडे मन आपसूक वळतं आणि तेवढ्या वेळात त्या थकलेल्या लक्षाला विसावा मिळतो.

म्हणून पुढच्या खेपेला एका सकाळी एकच पायवाट धरा आणि तिच्यावर एकच बैठक. अर्धा तास चाला. मग बसायची मुभा असलेल्या जागी, खोडाला किंवा खडकाला पाठ टेकेल आणि समोर थोडं मोकळं असेल, असं बघून बसा. बसण्याआधी वर पाहा, वाळलेली फांदी लटकत नाही ना. खाली पाहा, मुंग्यांची रांग नाही ना. पाणवठ्याच्या काठावर बसू नका, तुम्ही तिथे असलात की जनावरं पाण्यावर येत नाहीत. हिंस्र श्वापदं असलेल्या जंगलात मात्र पायी जाऊन असं बसायचं नाही. तिथे वनरक्षक सांगतील ती मचाण किंवा तो आडोसा.

चाळीस मिनिटं हलू नका. पहिली दहा वाईट जातात : बूड दुखतं, हात फोनकडे जातो. ‘इथे काही नाही’ म्हणून बहुतेक जण नेमके याच वेळी उठतात. खरं तर तुमच्या पावलांच्या आवाजाने आसपासचं सगळं गप्प झालेलं असतं. स्वस्थ बसलात तर साधारण पंधरा-वीस मिनिटांनी आवाज परततात, आधी लांबचे, मग डोक्यावरचे. पाचोळ्यात थांबून थांबून खसखस झाली तर बहुधा एखादा पक्षी पानं उलटून किडे शोधत असतो. हे ऐकू यायला लागलं की विश्रांती सुरू झाली म्हणायची.

ही बैठक बहुतेकदा मोडते ती थंडीने. चालताना आलेला घाम बसल्यावर वाळतो आणि अंगातली ऊब घेऊन जातो, शिवाय जमीन खालून गारठा देते. म्हणून बसण्याआधीच ओला सदरा बदला, वर एक उबदार कपडा चढवा आणि खाली सेंटिमीटरभर जाडीचा फोमचा तुकडा घ्या. हुडहुडी भरल्यावर स्वेटर चढवलात तर उशीर झालेला असतो. फोनला गजर लावून तो फ्लाइट मोडवर पिशवीच्या तळाशी टाका, म्हणजे घड्याळ बघावं लागणार नाही.

प्रश्न : उपयोग व्हायला किती वेळ द्यावा लागतो?

उत्तर : इंग्लंडमधल्या जवळपास वीस हजार लोकांच्या माहितीवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये ‘तब्येत चांगली आहे’ म्हणणारे जास्त निघाले. एकदम दोन तास की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडला नाही. यावरून कारण सिद्ध होत नाही, पण अंदाज म्हणून आकडा चांगला आहे. वर्षातून एका मोठ्या सहलीपेक्षा दर आठवड्याच्या दोन छोट्या फेऱ्या आम्ही केव्हाही पसंत करू.

प्रश्न : वडील मोठ्या आजारातून उठलेत. डॉक्टरांनी सपाटीवर अर्धा तास चालायची परवानगी दिली आहे. त्यांना किती अंतर न्यावं?

उत्तर : अंतर मोजू नका, वेळ आणि चढ मोजा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा १८९२ सालचा ठोकताळा आजही वापरतात : ताशी साधारण पाच किलोमीटर आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे नुसता ६० मीटर चढ अर्धा किलोमीटर सपाटीएवढा पडतो, आणि हा हिशेब धडधाकट माणसाचा आहे. वडिलांसाठी चढ टाळाच. जाताना दहा मिनिटं झाली की परत फिरा, पंधरा नकोत. परतताना पाय थकलेले असतात. सुरुवातीलाच उतरत जाणारी वाट फसवी असते, कारण चढ शेवटी वाट्याला येतो. चालताना त्यांना बोलतं ठेवा. एक पूर्ण वाक्य न धापता बोलता आलं नाही, तर तिथेच बसवा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर फेरी संपली, लगेच मदत मागा.

आणि चालणं झालंच नाही तरी वाईट वाटून घेऊ नका. रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. प्रवेशद्वाराजवळच्या बाकावर झाडांकडे तोंड करून तासभर बसणं हीसुद्धा पुरी भेट आहे.

प्रश्न : अंगाला गोचीड चिकटली तर?

उत्तर : अणकुचीदार चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरा आणि सावकाश, सरळ वर ओढा. पिळू-मुरगळू नका. तेल किंवा चटका नको. त्याने गोचीड पोटातलं जखमेत ओकू शकते. मग जागा साबण-पाण्याने धुवा आणि तारीख लिहून ठेवा. महिनाभरात ताप आला किंवा तिथे लाल चट्टा पसरत गेला, तर ती तारीख घेऊन डॉक्टरांकडे जा.