चीनसाठी प्रार्थनासभा घ्यायची, तर नेमके विषय कोणते घ्यावेत?

तुमच्या महिला मंडळाला चीनसाठी तासाभराची प्रार्थनासभा घ्यायची आहे आणि "प्रभू, चीनला आशीर्वाद दे" याच्या पुढे काय मागायचं ते सुचत नाही, असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक ठिकाणी विश्वासणाऱ्यांचा छळ हा एकच विषय घेतला जातो आणि दहा मिनिटांत तो संपतो. मी निम्मा वेळ कुटुंबांना देईन.

१९८० च्या आसपास सुरू झालेलं 'एकच मूल' धोरण २०१५ अखेरपर्यंत चाललं. त्या पिढीतली नवरा-बायको दोघंही बहुधा एकुलती एक, म्हणजे दोघांवर चार म्हाताऱ्यांचा भार. साठीपुढचे लोक आता ३१ कोटींहून जास्त आहेत. २०२४ मध्ये लग्नांची नोंद ६१ लाखांवर आली, आदल्या वर्षापेक्षा पाचव्या हिश्श्याने कमी. तिथल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये बायकांची संख्या पुरुषांपेक्षा बरीच जास्त, त्यामुळे विश्वासणाऱ्या मुलींना विश्वासणारा जोडीदार मिळणं कठीण जातं. हा विषय तुमच्या मंडळातल्या आयांना समजावून सांगावा लागणार नाही.

दुसरा विषय स्थलांतरितांचा. गाव सोडून बाहेर जाऊन काम करणारे मजूर १७ कोटींहून जास्त. तिथे प्रत्येकाची 'हुकोउ' म्हणजे रहिवासाची नोंद गावाशी बांधलेली असते. तिच्यामुळे शहरात मुलाला सरकारी शाळा मिळणं अवघड, आणि बारावीनंतरची 'गाओकाओ' ही प्रवेशपरीक्षा सहसा नोंद असलेल्या प्रांतातच द्यावी लागते. म्हणून मुलं आजी-आजोबांजवळ राहतात आणि आईबाप अनेकदा वसंतोत्सवालाच, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, घरी येतात. अशा आज्यांसाठी नावानिशी नसलं तरी नेमकं मागा: तब्येत, धीर, नातवंडांना वचन शिकवण्याची शक्ती. गाओकाओ ७ जूनला सुरू होते, एक कोटीहून जास्त मुलं बसतात. सभा मेअखेरीस असेल तर हा विषय वगळू नका.

एप्रिलच्या ४ किंवा ५ तारखेला छिंगमिंग हा पूर्वजांचा सण येतो. घरचे सगळे पूर्वजांच्या कबरी साफ करतात, उदबत्ती लावतात, कागदी नोटा जाळतात. नव्याने विश्वासात आलेली सून हात जोडायला नकार देते आणि घर फुटायची वेळ येते. आपल्याकडे पितृपक्षात पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती माणसाची जी ओढाताण होते, तीच ही. तिने ठाम राहावं एवढंच मागू नका. सासूशी प्रेमाने बोलायला तिला शब्द मिळावेत, हेही मागा.

आता मंडळी. नोंदणीकृत 'थ्री-सेल्फ' (सरकारमान्य प्रोटेस्टंट) मंडळ्या खोट्या आणि नोंदणी नसलेल्या घरमंडळ्या खऱ्या, अशी विभागणी करून प्रार्थना करू नका. दोन्हीकडे खरे विश्वासणारे आहेत. सरकारच्याच २०१८ च्या श्वेतपत्रिकेत प्रोटेस्टंटांचा आकडा ३.८ कोटींहून अधिक आहे. "त्यांना बायबल मिळो" ही प्रार्थनाही जुनी झाली. नानजिंगच्या अॅमिटी छापखान्यात १९८७ पासून पवित्र शास्त्र छापलं जातं. २०१९ पर्यंत परदेशी पाठवलेल्या प्रती धरून २० कोटी प्रती झाल्या. अडचण विक्रीची आहे: नोंदणीकृत चर्चमध्येच मिळतं, आणि २०१८ च्या वसंतात मोठ्या ऑनलाइन दुकानांतून ते काढलं गेलं. खेड्यांत त्याहून मोठी टंचाई शिकलेल्या पाळकांची. 'पूर्वेची वीज' हा पंथ, येशू चिनी स्त्रीच्या रूपात परत आला असं सांगत, अशाच मंडळ्यांत शिरतो.

फेब्रुवारी २०१८ पासून धर्मविषयक नियम कडक झाले, मार्च २०२२ पासून परवान्याशिवाय ऑनलाइन उपदेशावरही बंदी आली. बऱ्याच ठिकाणी १८ वर्षांखालच्या मुलांना उपासनेला आणू देत नाहीत, शब्बाथशाळा बंद पडल्यात. चेंगडूच्या अर्ली रेन मंडळीचे पाळक वांग यी यांना डिसेंबर २०१९ मध्ये नऊ वर्षांची शिक्षा झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये बीजिंगच्या झायन चर्च या घरमंडळीचे पाळक जिन मिंगरी यांना पकडलं. इब्री १३:३ वाचून त्यांच्या घरच्यांचीही आठवण करा. घरमालकांसाठीही प्रार्थना करा: पोलिसांनी दटावलं की भाडेकरार मोडतो आणि मंडळीला पुन्हा जागा शोधावी लागते. अधिकाऱ्यांसाठी १ तीमथ्य २:१-२ आहेच.

मिशनकार्याबद्दल थोडक्यात. पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसावर जाऊन सुवार्ता सांगायला कायद्याने मनाई आहे. पाहुणा देशाबाहेर काढला जातो, यजमान मागे अडकतो. तेव्हा तुमच्यातल्या कोणी 'मिशन सहल' सुचवली तर अडवा. आता चिनी मंडळ्याच बाहेर माणसं पाठवतात. असेच पाकिस्तानात गेलेले दोन चिनी तरुण २०१७ मध्ये क्वेट्टाहून पळवले गेले आणि मारले गेले. अशांना भाषेचं आणि तिथल्या रीतीरिवाजाचं पुरेसं प्रशिक्षण मिळावं, हे मागा. सभेत वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथोलिक भगिनी असतील तर २४ मे ही तारीख ठेवा: २००७ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तो दिवस चीनच्या ख्रिस्तसभेसाठी नेमला. जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे, ते सेंट फ्रान्सिस झेवियर १५५२ मध्ये चीनच्या दारात, शांगछुआन बेटावर वारले.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो व्हॉट्सअॅपवर. बातम्यांत जाहीर झालेली नावं घ्या. कोणाच्या पत्रातून आलेलं नाव, गाव, फोटो ग्रुपवर टाकू नका आणि सभा लाइव्ह दाखवू नका. तिथल्या ओळखीच्यांना वीचॅटवर (व्हॉट्सअॅपसारखं चिनी अॅप) "छळ होतो का?" असं विचारू नका, त्यावर पाळत असते. चर्च पाडल्याचा व्हिडिओ आला तर आधी तारीख पाहा. लिनफेन शहरातल्या चर्चची मोठी इमारत पाडली ती जानेवारी २०१८ मध्ये.

वेळ निवडताना, चीनचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे. रविवारी सकाळी सातला बसलात तर तिथे साडेनऊ, म्हणजे बऱ्याच मंडळ्यांची उपासना चालू असेल.