शटडाउन केल्यावर स्क्रीन काळी होते, पण पंखा आणि पॉवरचा दिवा चालूच राहतो. काय करावं?

विंडोज १० किंवा ११ आहे असं धरून सांगतो.

आधी एक करून बघा. स्टार्ट मेनूतल्या शटडाउनवर क्लिक करताना शिफ्टची कळ दाबून ठेवा. मशीन नीट बंद झालं, तर संशय फास्ट स्टार्टअपवर, म्हणजे मशीन लवकर सुरू करण्याच्या विंडोजच्या सोयीवर. तिच्यामुळे विंडोज ८ पासून नेहमीचं शटडाउन हे पूर्ण शटडाउन नसतंच. प्रोग्रॅम बंद होतात, पण पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर्सची (हार्डवेअर चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची) स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते. त्यात एखादा ड्रायव्हर अडून बसला की स्क्रीन जाते आणि पंखा फिरत राहतो. शिफ्ट दाबल्यावर ही पायरी गाळली जाते.

मग कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा, डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' वर जा आणि फास्ट स्टार्टअपची टिक काढा. टिक फिकट दिसत असेल तर वरच्या 'चेंज सेटिंग्ज' च्या ओळीवर क्लिक करा. एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) असेल तर मी ही सोय तशीही बंदच ठेवतो. दोन-चार सेकंदांसाठी कशाला ही कटकट?

शिफ्टनेही बंद होत नसेल तर यूएसबीला लावलेलं सगळं काढून बघा, स्वतःचा अडॅप्टर असलेला हब आधी. लॅपटॉप असेल तर चिपसेटचा (मदरबोर्डवरच्या मुख्य चिप्सचा) आणि, इंटेलचा प्रोसेसर असेल तर, त्यातल्या मॅनेजमेंट इंजिनचा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचाच घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' वाली सॉफ्टवेअर नकोत.

तरीही तेच? पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) चालवा आणि तिथून शटडाउन द्या. तिथे बंद झालं तर घोळ विंडोजमध्येच आहे. तिथेही पंखा थांबला नाही तर बायोस (मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा, आणि त्यानंतर मात्र मदरबोर्ड नि एसएमपीएस (डेस्कटॉपचा वीजपुरवठ्याचा डबा) तपासून घ्यावे लागतील.

तोवर बटण दाबून बंद करावंच लागलं, तर डिस्कचा दिवा लुकलुकायचा थांबू द्या, मगच चार-पाच सेकंद दाबून धरा. नंतर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) 'कर्नल-पॉवर ४१' अशी लाल नोंद दिसेल. तिच्यामागे लागू नका. मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढंच ती सांगते; का, ते नाही.