रात्री लघवीला उठणे आणि पीएसएची तपासणी

प्रश्न : आमची रावेर तालुक्यात केळीची बाग आहे. माझे वडील (नाना) ६७ वर्षांचे असून वर्षभरापासून रात्री चार-पाच वेळा लघवीला उठतात. धारही बारीक झाली आहे. रात्रपाळीच्या विजेमुळे मोटर लावायला तसेही उठावे लागते, असे म्हणून ते विषय टाळतात. त्यांचे थोरले सख्खे भाऊ कंबरदुखी म्हणून मालिश करीत राहिले आणि प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीचा) कर्करोग हाडांत पसरल्यावरच निदान झाले. नानांची पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या प्रथिनाचे रक्तातील प्रमाण) तपासणी करावी का? मी ४६ वर्षांचा आहे, मीही करावी का?

उत्तर : नानांचा त्रास आणि कर्करोगाची शंका या दोन गोष्टी आधी वेगळ्या करू. या वयात धार बारीक होणे व रात्री वारंवार उठणे याचे कारण बहुतेक वेळा प्रोस्टेट ग्रंथीची साधी वाढ हे असते, आणि या वाढीचे पुढे कर्करोगात रूपांतर होत नाही. याउलट कर्करोग बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात सुरू होत असल्याने प्रारंभी त्याचा काहीच त्रास जाणवत नाही. तुमच्या काकांच्या बाबतीत घडले तसे, पहिली तक्रार हाडांची असू शकते. म्हणूनच त्रास नसणे हा निर्धास्त राहण्याचा पुरावा नव्हे.

नानांना तपासणी हवीच, मात्र ती नुसती रक्ताची नको. मूत्ररोगतज्ज्ञ गुदद्वारातून बोटाने ग्रंथी चाचपून पाहतात. याला मिनिटभरही लागत नाही, पण संकोचापायी पुरुष हीच तपासणी सर्वांत जास्त टाळतात. जाण्यापूर्वी तीन दिवस, मापाच्या भांड्यात प्रत्येक वेळी किती लघवी झाली आणि किती वाजता, हे वहीत लिहून ठेवावे. उठावे लागते म्हणून पाणी पिणे कमी करू नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्यातून मुतखड्याचे दुखणे ओढवते. जळजळ असेल तर उन्हाळी लागली असे समजून केवळ सब्जा किंवा धने-जिऱ्याच्या पाण्यावर न थांबता आधी लघवी तपासून घ्यावी, कारण जंतुसंसर्गातही पीएसए वाढते आणि तो बरा झाल्यावर काही आठवड्यांनी केलेली तपासणीच विश्वासार्ह ठरते. तपासणीआधी दोन दिवस शरीरसंबंध व लांबची सायकलस्वारी टाळावी. ग्रंथी आकसण्यासाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड चालू असेल तर डॉक्टरांना सांगावेच, कारण त्या गोळ्यांनी पीएसएचा आकडा जवळपास निम्म्यावर येतो आणि अहवाल फसवा दिसतो.

पीएसए ४ च्या वर गेले म्हणजे कर्करोग झाला, असे नाही. ४ ते १० च्या दरम्यान आकडा असलेल्यांपैकी साधारण चौघांत एकालाच कर्करोग आढळतो. म्हणून आधी फेरतपासणी, मग गरजेनुसार एमआरआय आणि शेवटी तुकडा तपासणी (बायोप्सी), असा क्रम असतो. आढळलेला कर्करोग मंदगतीचा असेल तर लगेच शस्त्रक्रिया न करता ठरावीक काळाने तपासत राहणे हाही मान्य मार्ग आहे.

कसलाही त्रास नसलेल्या पुरुषाने ही तपासणी करावी का, यावर वैद्यकविश्वात मतभेद आहेत. तिने मृत्यू टळतात, हे युरोपातील दीर्घ अभ्यासातून दिसले आहे. पण कधीही जिवावर न उठणारे कर्करोगही सापडतात, आणि त्यांच्यावरील उपचारांतून लघवीवरचा ताबा सुटणे किंवा लैंगिक दुर्बलता येऊ शकते. भारतात प्रोस्टेटसाठी राष्ट्रीय पातळीवरील सरसकट तपासणी कार्यक्रम नाही. त्यामुळे साधारण पन्नाशीपासून, आणि वडील किंवा सख्ख्या भावाला हा आजार झालेला असल्यास पंचेचाळिशीपासून, लाभ-हानी समजून घेऊन डॉक्टरांशी ठरवावे, असे माझे मत आहे.

या हिशेबाने काकांचा आजार नानांसाठी अधिक जवळचा धोका आहे. तुमचा धोका बराचसा नानांच्या निदानावर अवलंबून राहील, म्हणून त्यांच्या टाळाटाळीला हेही एक उत्तर आहे. त्यांचा अहवाल स्वच्छ आला तर तुम्ही पन्नाशीपर्यंत थांबू शकता. मात्र आजी किंवा आत्यांपैकी कुणाला स्तनाचा वा बीजकोशाचा कर्करोग झालेला असेल तर थांबू नये, कारण काही घराण्यांत एकच जनुकीय दोष या आजारांमागे असतो. जळगाव व धुळे येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथे किंवा खासगी मूत्ररोगतज्ज्ञांकडे जाताना काकांचे तुकडा तपासणीचे कागद सोबत न्यावेत. मधल्या काळात नानांची लघवी अचानक तुंबली, तिच्यात रक्त दिसले किंवा पाठदुखीसोबत पायांतील ताकद कमी झाली, तर दिलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.