बोअरचे पाणी आणि शेंड्याकडून पिवळी पडणारी मिरचीची रोपे

ताई, आधी खत थांबवा. बाकीचे सावकाश बघू.

तुम्ही लिहिले आहे ते असे: सोलापुरात गच्चीवर मिरची आणि टोमॅटोची रोपे, ट्रेमध्ये निम्मे कोकोपीट आणि निम्मे गांडूळखत, पाणी बोअरचे, कागदी पट्टीवर सामू (पीएच) ८ च्या आसपास. नवी पाने पिवळी येताहेत, शिरा मात्र हिरव्या. भूक लागली असेल म्हणून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखे असलेले खत) दोनदा दिले, तर आता पानांच्या कडा करपू लागल्यात. कडा करपल्या त्या क्षारांनी, आणि पिवळेपणा भुकेचा नाही. खत वाढवून तो जाणार नाही.

पिवळेपणा कुठल्या पानावर आहे ते नेहमी आधी बघायचे. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडले की रोप जुन्या पानांतून ते काढून नव्या पानांना देते, म्हणून खालची पाने आधी पिवळी होतात. लोह असे हलवता येत नाही, त्यामुळे त्याची कमतरता शेंड्याला दिसते. तुमची खालची पाने हिरवी आणि शेंडा पिवळा, म्हणजे लोह. चुनखडीच्या रानात ऊस किंवा भुईमुगावर केवडा पडतो तोच हा प्रकार. गंमत अशी की गांडूळखतात लोह असते, पण सामू ७.५ च्या वर सरकला की ते मुळांना घेता येत नाही. एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, घालायचा सल्ला कुणी देईल. त्याचा इथे संबंध नाही.

आता पाण्याविषयी, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. सगळे पाण्याचा सामू मोजतात आणि ८ दिसला की घाबरतात. नुसत्या सामूवरून फारसे कळत नाही. पाण्यात बायकार्बोनेट कमी असतील तर ८ सामूचे पाणीही मिश्रण सहज पचवते. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या बोअरना कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट बहुधा भरपूर असतात, आणि असे पाणी रोज घालणे म्हणजे रोज चिमूटभर चुना घालणे. मोठ्या कुंडीत ते लवकर जाणवत नाही. रोपांच्या ट्रेच्या एका कप्प्यात मूठभरही मिश्रण नसते, तिथे दोन-तीन आठवड्यांत सामू वर जातो.

म्हणून मोजायची ती क्षारता, म्हणजे पाण्यात बायकार्बोनेट किती आहेत ते; केएच म्हणतात ते हेच. मत्स्यपालनाच्या दुकानात केएच मोजायचा थेंबांचा संच मिळतो. येणाऱ्या अंशाला १८ ने गुणले की लिटरमागे मिलिग्रॅम मिळतात. १०० पर्यंत काळजी नको, १५० च्या पुढे लहान ट्रेसाठी काहीतरी करावेच लागते. रत्नागिरीकडच्या मंडळींनी अंड्याची टरफले आणि राख घालायला सांगितली असेल, तर ते त्यांच्यासाठी बरोबर आहे. जांभी माती आम्लधर्मी, पाऊस भरपूर, विहिरीचे पाणी मऊ. सोलापुरात मात्र तेच रोपांच्या मुळावर उठेल. सल्ला घेताना तो कुठल्या पाण्यावरचा आहे हे विचारायला हवे, आणि हे आपण फार कमी विचारतो.

मिश्रणही जड झाले आहे. पहिली खरी पाने येईपर्यंत रोप बियातल्या साठ्यावर जगते, त्याला बाहेरून जवळपास काही लागत नाही. गांडूळखत चौथा हिस्सा पुरे. कोकोपीटच्या विटेत सोडियम-पोटॅशियमचे क्षार असतात. भिजवून, पिळून, पुन्हा भिजवून दोन-तीनदा धुतल्याशिवाय ते वापरू नका.

आत्ता करायचे ते असे. पावसाचे साठवलेले किंवा आरओचे पाणी ट्रेमधल्या मिश्रणाच्या दुप्पट-तिप्पट घेऊन हळूहळू ओता आणि पूर्ण निथळू द्या. आरओ यंत्रातून बाहेर फेकले जाणारे पाणी वापरू नका, त्यात क्षार एकवटलेले असतात. पुढे दोन भाग आरओचे आणि एक भाग बोअरचे असे मिसळून द्या. निव्वळ आरओ नको, कारण बोअरमधले कॅल्शियम रोपाला हवेच असते. आरओ पुरत नसेल तर १० लिटर बोअरच्या पाण्यात एक ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून ढवळा, थोडे थांबा, मोजा. सामू ६ ते ६.५ आला की थांबायचे, ५.५ च्या खाली जायचे नाही. कडक पाण्याला एक ग्रॅम पुरणार नाही, म्हणून अंदाजाने न घालता मोजत जा. मिश्रणातले जीवाणू सायट्रिक ॲसिड खाऊन टाकतात आणि बायकार्बोनेट परत तयार होते, त्यामुळे हा रोपे वाचवण्यापुरता उपाय आहे. पॉलिहाऊसवाले फॉस्फोरिक किंवा नायट्रिक ॲसिड वापरतात. घरी मुलेबाळे असताना ते आणू नका असेच मी सांगेन. पावसाळ्यात एखादे पिंप भरून ठेवा, त्यासारखे पाणी दुसरे नाही.

लोहासाठी चिलेटेड फेरस, म्हणजे विरघळलेले राहील असे बांधून ठेवलेले लोह घ्या, पण डब्यावरचे नाव वाचून. ईडीटीए प्रकारचे ६.५ सामूपर्यंतच टिकते, म्हणून ते लिटरला अर्धा ग्रॅम घेऊन संध्याकाळी पानांवर फवारा. मुळाशी द्यायचे तर ईडीडीएचए प्रकारचे, लालसर दिसणारे; ते चुनखडीतही काम करते. आधीच पिवळी झालेली पाने पूर्ण हिरवी होतील अशी अपेक्षा ठेवू नका, नव्या पानाकडे बघा.

पाणी रोज ठराविक वेळी न देता वरचा थर सुकल्यावर द्या. सतत ओल्या मिश्रणात मुळांना हवा मिळत नाही, लोह घेणे आणखी अवघड होते, आणि बुरशीने रोपे बुडाशी कुजून कोलमडतात ते वेगळेच.

खत पुन्हा सुरू करायचे ते दोन-तीन नवी हिरवी पाने आल्यावर, १९:१९:१९ लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. त्यातले नत्र बहुतांश युरिया आणि अमोनियमच्या रूपात असते, त्यामुळे सामू थोडा खालीही येतो.

आणि मोजणी मिश्रणातलीच करा. पाणी दिल्यावर तासाभराने वरून थोडे डिस्टिल्ड वॉटर ओतायचे आणि खालून पडणारे पहिले थेंब वाटीत धरायचे, त्याचा सामू म्हणजे मुळांजवळचा सामू. कागदी पट्टीवर भरवसा नको. साधा पेनासारखा मीटर चालेल, मात्र ४ आणि ७ सामूच्या द्रावणात तो अधूनमधून जुळवून घ्या. आठ-दहा दिवसांत नवे पान हिरवे आले नाही, तर हा निथळाचा सामू आणि पाण्याचा केएच असे दोन्ही आकडे लिहा, पुढचे त्यावरून ठरवू.