पियानोवादक मार्क-आंद्रे हॅमलिनच्या सीडीत अमेरिकन संगीतकार आयव्हजचा ‘कॉन्कर्ड’ हा चार भागांचा पियानो सोनाटा आणि दुसरा अमेरिकन संगीतकार बार्बरचा पियानो सोनाटा एकत्र आहेत. घ्यावी का? ‘कॉन्कर्ड’ हे संगीत आहे की नुसता गोंगाट?

घ्या. हायपेरियन कंपनीची २००४ची ही सीडी उत्तम आहे. पण ‘गोंगाट’ हा शब्द मला झोंबला.

न्यू जर्सीत मी पियानो शिकायचे, तिथल्या बाई हेच म्हणायच्या. ‘कॉन्कर्ड’च्या ‘हॉथॉर्न’ या दुसऱ्या भागात आयव्हजनं १४¾ इंचांच्या फळीनं पियानोच्या पट्ट्या दाबायला सांगितल्यात. बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "लाकूड ठेवायला शिक्षण कशाला लागतं?" मला फार राग आला. नवऱ्याकडून तेवढीच फळी कापून घेतली, खाली फेल्ट चिकटवलं आणि बसले. फळी आपटायची नसते. दोन सप्तकांहून जास्त काळ्या पट्ट्या एकदम आणि अगदी हळू दाबायच्या. एक टोक जरा आधी टेकलं की सूर पुढे-मागे उमटतात. मनगट सैल सोडून वजन मधोमध आलं, तरच सगळे एका श्वासात येतात, आणि त्याच वेळी डाव्या हाताला खाली स्वतःचं वाजवत राहायचं असतं. दहा बोटांनी तो आवाज निघणं शक्यच नाही. बाईंनी फळी कधी हातात धरली नव्हती. वाजवून न बघता गोंगाट म्हणणाऱ्यांचं मत मी जमेस धरत नाही.

पियानोवादक जॉन कर्कपॅट्रिकनं या सोनाट्यावर सुमारे दहा वर्षं घालवली. १९३९च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्यानं तो वाजवला, तेव्हा आयव्हज चौसष्ट वर्षांचा होता आणि तोवर त्याला बहुतेक विम्याच्या धंद्यातला माणूस म्हणूनच ओळखत. गोंगाटासाठी कुणी दहा वर्षं देत नाही!

सुरुवात ‘एमर्सन’ या पहिल्या भागापासून करू नका. त्याच्या लिखित स्वरलिपीत बहुतेक ठिकाणी ताल विभागणाऱ्या मात्रांच्या रेघाच नाहीत, नवखा माणूस तिथेच सोडून देतो. आधी तिसरा भाग, ‘द ऑल्कॉट्स’, ऐका. बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीचे ते चार सूर तिथे घरातल्या पियानोवर वाजावेत तसे शांतपणे येतात आणि शेवटी भरभरून उघडतात. मग शेवटचा भाग ‘थोरो’, या सीडीत शेवटी बासरीही आहे, सगळे वादक ती घेत नाहीत. हॅमलिनची बोटं इतकी स्वच्छ चालतात की कधीकधी खडबडीतपणा हवासा वाटतो. तेव्हा कर्कपॅट्रिकचं जुनं ध्वनिमुद्रण काढा.

बार्बरबद्दल थोडक्यात: त्याचा सोनाटा १९४९चा, पियानोवादक होरोविट्झनं पहिल्यांदा वाजवलेला, शेवटी जबरदस्त फ्यूग, म्हणजे एकच धून पाठोपाठ वेगवेगळ्या सुरावटींत उचलली जाते तो प्रकार. मात्र तो फार लवकर आवडतो, म्हणून त्याच्याशी तुलना करून ‘कॉन्कर्ड’ बाजूला टाकू नका.