काका, त्या बाहुल्या खरंच हलतात का?

मागच्या अंकात मी सहज चार ओळी लिहून गेलो. 'पपेट मास्टर' नावाचा 1989 चा एक स्वस्तातला इंग्रजी भयपट आहे, त्यात हातभर उंचीच्या बाहुल्या माणसं मारत सुटतात, पावसाची रात्र बघून दिवे मालवा आणि बघा, एवढंच. त्यावर पत्रांचा असा गठ्ठा आला की संपादकबाई म्हणाल्या, "आता तुमचं तुम्हीच निस्तरा." निस्तरतो. निवडक पत्रं घेतलीत. शिव्यांची दोन बाजूला ठेवली, त्यातल्या एकात शुद्धलेखनही धड नव्हतं.

प्रश्न : तुमच्या भरवशावर मी, मुलगा आणि सून असे तिघं बसलो. अर्ध्या तासात सून उठून स्वयंपाकघरात, मुलगा मोबाइलमध्ये आणि मी आरामखुर्चीत घोरतोय. याला तुम्ही चांगला सिनेमा म्हणता? (निवृत्त बँक अधिकारी, विश्रामबाग, सांगली)

साहेब, मी 'बघा' म्हटलं होतं, 'चांगला' म्हटलं नव्हतं. पुन्हा वाचून बघा.

तुमचं घोरणं मात्र मला अगदी मान्य. माझी गावभागात व्हिडिओ लायब्ररी होती. दहा बाय बाराचं दुकान, भाडं दिवसाला दहा रुपये, आणि गल्ल्यावर पाटी : 'कॅसेट रिवाइंड करून आणावी, अन्यथा दोन रुपये जादा.' या सिनेमाची कॅसेट 1991 च्या सुमारास आली. कुठून आली ते विचारू नका, तेव्हा कुणीच विचारत नव्हतं. त्यावरची चिठ्ठी माझ्याच अक्षरातली : 'इंग्रजी, भूत, बाहुल्या'.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगतो. लोकांना सिनेमा कसा वाटला हे मी गिऱ्हाइकाला कधी विचारलं नाही, कॅसेटला विचारलं. लोक एखादी जागा थांबवून, मागे घेऊन पुन्हा पुन्हा बघतात. तिथे टेप घासली जाते आणि पडद्यावर आडव्या पांढऱ्या रेघा येतात. दर महिन्याला कॅसेटी तपासताना कळायचं, सांगलीकरांनी कुठे डोळे फाडलेत ते. या कॅसेटला तीन ठिकाणी रेघा होत्या. पहिली अगदी सुरुवातीला. दुसरी, ती जळवा ओकणारी बाहुली येते तिथे. (पोरं दुकानात येऊन 'काका, जळवांची कॅसेट' असंच मागायची.) तिसरी शेवटी, लिफ्टमध्ये. मधला सगळा भाग, ज्यात अतींद्रिय शक्तीवाली चार माणसं हॉटेलात येतात, जेवतात, एकमेकांना टोमणे मारतात, तो कोरा करकरीत. हात लावलेला नाही. म्हणजे तुमच्या घरात जे झालं ते तीस वर्षांपूर्वी अख्ख्या सांगलीत झालं होतं.

पण ती सुरुवात बघितलीत का? 1939 साल. समुद्रकाठचं एक हॉटेल, वर खोलीत आंद्रे टूलाँ हा म्हातारा बाहुलीकार बसलाय, आणि बाहेरून काहीतरी पळत येतंय. ते काय आहे हे दाखवत नाहीत. कॅमेराच जमिनीपासून वीतभर उंचीवरून पळतो. पायऱ्या डोंगराएवढ्या, खुर्च्यांचे पाय झाडांसारखे, माणसं फक्त गुडघ्यापर्यंत. आपल्याच घराची फरशी इतक्या खालून आपण शेवटची पाहिली ती रांगताना. मला तिथे पहिल्यांदा काटा आला आणि मी एकटाच दुकानात असूनही शटर अर्धं वर केलं. म्हातारा बाहुल्या पेटीत भरून भिंतीत दडवतो आणि नाझी दार फोडून आत शिरेपर्यंत स्वतःला गोळी घालून घेतो. एवढंच बघून सिनेमा बंद केलात तरी चालेल. पुन्हा लावायचा तो शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी.

प्रश्न : 1989 मध्ये कॉम्प्युटर ग्राफिक्स होतं का? त्या बाहुल्या काही वेळा छान हलतात आणि काही वेळा झटके खात चालतात. हे मुद्दाम आहे की नुसतंच वाईट काम? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, मिरज)

मुली, प्रश्न फार झकास विचारलास.

कॉम्प्युटरचा यात संबंध नाही. तीन वेगळ्या युक्त्या आलटून पालटून वापरल्यात. बहुतेक वेळा बाहुलीच्या खाली, टेबलाच्या किंवा फरशीच्या आड माणूस दडलेला असतो आणि तो काठ्यांनी, तारांनी तिला हलवतो. दुसरी युक्ती पिनहेडची. तो आठवतोय ना, लिंबाएवढं डोकं आणि पैलवानाचे हात? जवळच्या दृश्यांत ते हात चक्क खऱ्या माणसाचे आहेत. डोकं बाहुलीचं, हात माणसाचे. म्हणून तो कुणाचा गळा धरतो तेव्हा पकड खरी वाटते.

तिसरी युक्ती तुझ्या झटक्यांची. त्याला स्टॉप मोशन म्हणतात आणि ते काम डेव्हिड अॅलन या माणसानं केलंय. बाहुली केसभर हलवायची, एक फोटो. पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. सिनेमात सेकंदाला 24 फोटो लागतात, म्हणजे बाहुलीनं एक पाऊल टाकायचं तर ह्याचा अर्धा दिवस गेला. आता झटका का दिसतो? तू धावत असताना तुझा फोटो काढला तर हात थोडा पुसट येतो. स्टॉप मोशनमध्ये प्रत्येक फोटो स्थिर वस्तूचा असतो, त्यामुळे एकही कड पुसट येत नाही. वस्तू हलतेय आणि तरी लख्ख आहे, हे डोळ्याला पटत नाही. डायनासोर असा चालला तर ते वैगुण्य वाटेल. बाहुली अशी चालली तर अंगावर शिरशिरी येते, कारण ती चालायलाच नको होती.

मला हे कळतं कारण आमच्या मंडळात मी बारा वर्षं गणपतीचे हलते देखावे केलेत. गाडीच्या वायपरची जुनी मोटर, तिला लोखंडी पट्टी, पट्टीला पुतळ्याचा हात. वायपर जसा जातो-येतो तसा हात वर-खाली. एका वर्षी अफजलखानाच्या वधाचा देखावा होता. चौथ्या दिवशी मोटर अडकली आणि महाराजांचा हात वर जाऊन तिथेच थरथरायला लागला. खालीही येईना, थांबेना. भोंग्यावर पोवाडा चालू आणि हात नुसता थरथरतोय. गर्दीतली लहान पोरं एकदम गप्प झाली. बाकीच्या दिवशी तोच हात बघून ती टाळ्या पिटत होती. त्या रात्री मला झटक्याची किंमत कळली.

प्रश्न : याचे एकूण भाग किती आणि कुठले बघावेत? (कराड)

दहाच्या वर गेल्यावर मी मोजणं सोडलं. तिसरा बघा, 1991 चा. कथा पहिल्याच्या आधीची आहे आणि त्यात बाहुल्या नाझींच्या मागे लागतात, त्यामुळे कुणाच्या बाजूनं बसायचं हा घोळ राहत नाही. बाकीचे सोडा.

प्रश्न : आमच्या 'झपाटलेला'पुढे हा सिनेमा म्हणजे पाणचट चहा. तात्या विंचू कुठे आणि हे मुके ठोकळे कुठे! की आपल्याच लोकांनी यावरून उचललं? (शिक्षक, पलूस)

गुरुजी, वंशावळ नीट लावू. 'झपाटलेला' 1993 चा. त्याची नाळ 'पपेट मास्टर'शी जुळत नाही, ती 1988 च्या 'चाइल्ड्स प्ले'शी जुळते. पोलिसांच्या गोळीनं मरता मरता गुंड मंत्र म्हणतो, आत्मा बाहुल्यात, मग बाहुल्यातून बाहेर पडायला माणसाचं शरीर हवं. दोन्ही सिनेमे एका आठवड्यात बघा, मला वेगळं काही सांगावं लागणार नाही. हिंदीत 1996 मध्ये 'पापी गुडिया' आला तोही त्याच घरातला. महेश कोठाऱ्यांनी मात्र त्यात एक असं काही घातलं जे अमेरिकेच्या बाहुल्याला जमलं नाही. लक्ष्याला शब्दभ्रमाचं वेड दिलं आणि तात्या विंचू हलवायला रामदास पाध्ये आणले. अर्धवटरावांच्या घरातला माणूस! बोलक्या बाहुल्याचा कलावंत आधी हसवायला शिकतो. म्हणून तात्या विंचू येतो तेव्हा आपण घाबरायच्या आधी हसतो, आणि हसता हसता मध्येच चपापतो. सांगलीत थिएटरात मी तो सिनेमा बघितला तेव्हा माझ्या शेजारची बाई पदर तोंडात धरून हसत होती आणि पाय वर घेऊन बसली होती. दोन्ही एकदम.

'पपेट मास्टर'मधल्या बाहुल्या एक शब्द बोलत नाहीत. तुम्हाला ते ठोकळे वाटले, मला तिथेच त्यांची गंमत वाटते. विनोद करून ताण सैल करायला कुणी नाही. त्यांच्या मनात काय आहे ते हातांवरून ओळखायचं. शेवटी त्यांचा नवा मालक त्यांच्यातल्या विदूषकाला भिरकावून देतो. मघापर्यंत त्याच्या हुकमावर खून पाडणाऱ्या बाकीच्या बाहुल्या नुसत्या थबकतात. मग हळूहळू त्याच्याकडे वळतात. त्या क्षणी मी त्यांच्या बाजूचा झालो होतो, खोटं कशाला बोलू. तिसरी घासलेली जागा हीच.

आणि गुरुजी, बाहुल्यांना नावं ठेवताना आपण कुठल्या जिल्ह्यात राहतो तेवढं ध्यानात असू द्या. ज्या विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' हे नाटक उभं केलं, त्यांना लाकडी बाहुल्या घडवण्याचाही नाद होता. दीडशे वर्षांहून जुन्या त्या बाहुल्या पुढे पुन्हा हलत्या केल्या त्या याच रामदास पाध्यांनी. तात्या विंचूला हलवणारे हात आणि भाव्यांच्या बाहुल्यांना जाग आणणारे हात एकच. 5 नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, भाषणं ठोकणारे हे सांगत नाहीत, म्हणून मी सांगितलं.

प्रश्न : दाराच्या फटीतून माझ्या सहा वर्षांच्या नातवानं तुमचा तो सिनेमा पाहिला. आता शोकेसमधल्या मान हलवणाऱ्या तंजावरच्या बाहुलीला तो घाबरतो. रात्री उठून रडतो. बाहुली टाकून देऊ का? (तासगाव)

ताई, आधी माफी. लहान मुलांसमोर लावू नका, हे मी लिहायला हवं होतं. राहून गेलं.

बाहुली टाकू नका आणि लपवूही नका. मी ती चूक केलीय. माझी मुलगी पाच वर्षांची असताना एका बाहुलीला घाबरायला लागली. दुकानात असली चित्रं लावून ठेवणारा बाप, दुसरं काय होणार! मी शहाणपणा करून बाहुली माळ्यावर टाकली. त्या दिवसापासून पोरगी रोज झोपताना विचारायची, "बाबा, आता ती कुठे आहे?" शोकेसमध्ये होती तेव्हा निदान ती कुठे आहे हे तिला माहीत होतं. माळ्यावर गेल्यावर ती घरभर झाली.

भर दुपारी नातवाला मांडीवर घ्या आणि ती तंजावरची बाहुली काचेतून बाहेर काढा. तिचे तुकडे एकावर एक नुसते ठेवलेले असतात. डोकं वर उचला, आतली तार दिसेल, त्या तारेवर ते टेकलेलं असतं म्हणून डुलतं. मग धड उचला. मग घागरा. रिकाम्या घागऱ्यात त्याला हात घालू द्या. सगळे तुकडे त्याच्या हातून परत चढवून घ्या, डोकं शेवटी. घाई करू नका. डोकं वाकडं बसलं तर वाकडंच राहू द्या, तो हसेल. आमच्याकडे मी माळ्यावरून बाहुली खाली आणून तिचा हात खांद्यातून काढून दाखवला, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं. नंतर आठवडाभर पोरगी तो सुटा हात खिशात घालून शाळेत नेत होती. बाईंची चिठ्ठी आली.

प्रश्न : आम्ही चार मित्र वीस हजारांत असाच एक लघुपट काढतोय. घरातली जुनी कळसूत्री बाहुली खून करते अशी गोष्ट आहे. टिप्स द्या. (जत)

पोरांनो, वीस हजार भरपूर आहेत, फक्त ते बाहुलीच्या चेहऱ्यावर उडवू नका. चेहरा कागदाच्या लगद्याचा करा, डोळ्यांना काचेच्या गोट्या बसवा. बॅटरीचा उजेड तिरका पडला की त्या आपोआप चमकतात. पैसे आवाजावर घाला. लाकडी पाय शहाबादी फरशीवर कसा वाजतो ते पहाटे चार वाजता, रहदारी नसताना नोंदवून घ्या. बाहुली दिसण्याआधी तीन वेळा तिचा आवाज आला पाहिजे.

मोबाइल जमिनीला टेकवून चित्रण करा. बाहुली चालताना पाय दाखवू नका, कंबरेच्या वर दाखवा म्हणजे खाली कुणीतरी पालथं पडून तिला धरता येईल. त्याच्या हातात काळे मोजे, मागे काळा पडदा. पकडण्याच्या दृश्यात तुमच्यातल्या एकाचा खरा हात वापरा, मातीनं रंगवून. कळसूत्री म्हणताय तर दोऱ्या लपवायच्या भानगडीत पडू नका. उलट पहिल्या दृश्यात दोऱ्या दाखवा, आणि शेवटच्या दृश्यात बाहुली तशीच हलतेय पण दोऱ्या खाली लोंबतायत, एवढं एक चित्र घ्या. बोलायला लावू नका. तुमच्यापैकी कुणालातरी तो मोह होणारच.

सुरी पुठ्ठ्याची करा. सतत हलणारा हात हवा असेल तर वायपरची मोटर भंगारवाल्याकडे मिळेल. दोन घ्या, एक ऐन वेळी जळते.