स्पीकरचे बटण बंद, दिवा मात्र चालू

प्रश्न : मुलीच्या अभ्यासासाठी घेतलेल्या संगणकाला आम्ही दोन लहान स्पीकर आणि एक वूफर असा संच जोडला आहे. आवाजाची कळ डावीकडे शेवटपर्यंत फिरवली की ‘टक्’ होऊन आवाज बंद होतो. पण समोरचा निळा दिवा रात्रभर जळत राहतो आणि सकाळी वूफरची मागची बाजू हाताला कोमट लागते. त्याच खोलीत निजणाऱ्या सासूबाईंची त्या उजेडाने झोपमोड होते, आणि विजेचे बिल त्या दिव्यामुळेच वाढते असे मामाजींचे म्हणणे आहे. दुकानदार म्हणाले, “त्याचं असंच असते.” बटण बिघडले आहे काय? दिव्याची तार तोडली तर चालेल काय?
— एक वाचक, देवळी तालुका, जि. वर्धा

उत्तर : दुकानदारांचे म्हणणे खरे आहे, पण त्यांनी कारण सांगितले नाही. आपले बटण बिघडलेले नाही. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज वूफरच्या पेटीतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते, तिथे ती बारा-पंधरा व्होल्टांवर उतरते आणि मग आवाज वाढवणाऱ्या सर्किटला मिळते. आपल्या संचातले बटण बहुधा या उतरलेल्या विजेच्या वाटेवर बसवलेले आहे, आणि दिव्याची जोडणी त्या बटणाच्याही अलीकडे आहे. म्हणून ‘टक्’ झाल्यावर सर्किट थांबते. ट्रान्सफॉर्मर मात्र भिंतीला जोडलेलाच राहतो आणि काही काम न करताही थोडी वीज खाऊन कोमट होतो. असे करण्यात कंपनीची केवळ कंजुषी असते असे नाही. २३० व्होल्टच्या तारा समोरच्या कळीपर्यंत, म्हणजे आवाजाच्या नाजूक तारांशेजारी आणल्या, तर स्पीकरमध्ये घूं घूं उमटण्याची भीती असते, आणि त्या विजेसाठी बटणही अधिक भक्कम लागते.

मामाजींचा संशय योग्य घरावर आहे, पण चोर वेगळा आहे. अशा दिव्याला वॉटच्या विसाव्या भागाच्या आसपास वीज लागते, म्हणजे वर्षभर अखंड जळूनही अर्धा युनिट होत नाही. रिकाम्या ट्रान्सफॉर्मरला दोन-तीन वॉट सहज लागतात. ३ वॉट धरले तर वर्षाला सुमारे २६ युनिट होतात.

हे घरच्या मीटरवरच पाहता येते. मीटरवर लुकलुकणाऱ्या लाल दिव्याजवळ बहुधा ३२०० असा आकडा छापलेला असतो; एका युनिटला तो दिवा तितक्या वेळा लुकलुकतो. घरातले सर्व बंद करून ९ वॉटचा एकच एलईडी बल्ब लावावा आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजावेत. ते १२५ च्या आसपास भरतील. मग कळ बंद ठेवूनच स्पीकरची पिन लावावी आणि पुन्हा मोजावे. ३२०० आकड्याच्या मीटरवर १,१२५ ला सेकंदांनी भागले की वॉट मिळतात, आणि दोन्ही वेळच्या वॉटांमधला फरक हा स्पीकरचा खर्च. बल्ब चालू ठेवायला सांगण्याचे कारण असे की नुसता दोन वॉटांचा भार काही मीटर मोजतच नाहीत. फ्रिज बंद करायला मात्र विसरू नये, नाहीतर सगळा हिशेब फसेल.

दिव्याची तार तोडू नये. पेटी उघडली की २३० व्होल्टच्या टोकांशी गाठ पडते, आणि दिवा गेल्याने ट्रान्सफॉर्मर थांबत नाही. दिव्यावर काळ्या चिकटपट्टीचे दोन थर लावले की सासूबाईंचे काम झाले. अंधारात आपला डोळा निळ्या उजेडाला अधिक जागा असतो, म्हणून तेवढासा ठिपकाही टोचतो. निळा एलईडी बनवणे इतके अवघड होते की त्यासाठी तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. तो प्रत्येक खोक्यावर चिकटवलाच पाहिजे, असे मात्र त्यांनी कुठे म्हटलेले नाही.

खरा उपाय भिंतीवरच्या बोर्डाचे बटण हा आहे. ते बंद केल्यावर दिवा लगेच न विझता हळूहळू मंद होईल. आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज संपायला काही सेकंद लागतात, त्यात बिघाड नाही. जुन्या घरांत कधी कधी बोर्डाचे बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) जोडलेले आढळते; मग बटण बंद असूनही प्लगमध्ये वीज राहते. बटण बंद असताना टेस्टर प्लगच्या कोणत्याही छिद्रात पेटला, तर वायरमनला बोलवावे. मृगाआधीच्या वादळी पावसात, वीज कडाडू लागण्यापूर्वीच, स्पीकरची आणि संगणकाची अशा दोन्ही पिना काढून ठेवाव्यात, कारण बटणाच्या आतली दोन-तीन मिलिमीटरची फट अशा विजेला अडवू शकत नाही.

प्रश्न : माझे लहान स्पीकर संगणकाच्या यूएसबीवर चालतात. संगणक बंद केला तरी त्यांचा दिवा जळतो. असे का?
— एक विद्यार्थी, पवनी तालुका, जि. भंडारा

उत्तर : संगणक ‘शट डाऊन’ केला तरी त्याचा पॉवर सप्लाय ५ व्होल्टची एक वाट चालू ठेवतो, म्हणजे बटण दाबताच तो जागा होऊ शकतो. पुष्कळ मदरबोर्ड (संगणकाच्या आतली मुख्य सर्किटपाटी) तीच वाट यूएसबीलाही देतात. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, बंद संगणकाची वीज वाचवणारी ‘ईआरपी’ नावाची सोय असल्यास ती सुरू करून पाहावी. नसल्यास संगणक पूर्ण बंद झाल्यावर बोर्डाचे बटणही बंद करावे; घरी यूपीएस असेल, तर त्याचेसुद्धा.